तडजोडीने फौजदारी खटला संपणे

फिर्यादी आणि आरोपी यांनी बाहेर समेट केल्यावर न्यायालयाने फौजदारी प्रकरण बंद करणे. बोलीभाषेत याला ‘केस मागे घेतली’ म्हणतात, पण ते बरोबर नाही. गुन्हा समाजाविरुद्ध मानला जातो. म्हणून खटल्यावर ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असे लिहिलेले असते आणि मार खाल्लेला माणूस त्यात एक साक्षीदार असतो. असा खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकीलच करू शकतो. फिर्यादीच्या हाती उरते ती तडजोड, आणि तीही ठरावीक गुन्ह्यांपुरती.

या गुन्ह्यांची यादी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. साधी दुखापत न्यायालयाच्या परवानगीशिवाय मिटवता येते. फसवून मालमत्ता घेतली असेल किंवा गंभीर दुखापत असेल तर परवानगी लागते. बांधावरून झालेल्या मारामारीचा खटला तालुक्याच्या न्यायालयात असाच संपतो. वकील तडजोडीची पुरसिस (लेखी निवेदन) देतात, न्यायाधीश फिर्यादीला पुढे बोलावून ‘सही तुमचीच ना? कुणाचा दबाव नाही ना?’ असे विचारतात आणि आरोपी निर्दोष सुटतो. यादीबाहेरचा गुन्हा मात्र तिथे मिटत नाही, लोकअदालतीतही नाही.

खरी गर्दी या यादीबाहेरच आहे. विवाहितेच्या छळाचे भारतीय दंड संहितेचे कलम 498अ (आता भारतीय न्याय संहितेचे कलम 85) केंद्रीय यादीत कधीच नव्हते. घटस्फोट झाला, पोटगीची रक्कम मिळाली, दागिने परत आले, तरी खटला उभाच. यातून वाट काढली ती सर्वोच्च न्यायालयाने. असा खटला उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात (जुने कलम 482, नवे 528) रद्द करू शकते, असे त्याने 2003 मध्ये सांगितले. पुढे दोन न्यायाधीशांच्या पीठाला त्याबद्दल शंका आली आणि प्रश्न तीन न्यायाधीशांपुढे गेला. ‘ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ (2012) हा न्या. आर. एम. लोढा यांनी लिहिलेला निकाल आजही आधार मानला जातो. गुन्हा मिटवणे आणि खटला रद्द करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा गाभा. व्यापारी, आर्थिक आणि कौटुंबिक वाद, ज्यांचा मूळ पिंड दिवाणी आहे, ते रद्द होऊ शकतात. खून, बलात्कार, दरोडा नाही. खुनाच्या प्रयत्नाच्या प्रकरणांत न्यायालय नुसते कलम पाहत नाही, तर हत्यार कोणते आणि घाव शरीरावर कुठे हेही पाहते.

दोन्ही बाजूंच्या संमतीने असा खटला रद्द होण्याला वकिलांच्या तोंडी ‘कन्सेंट क्वॉशिंग’ म्हणतात. फिर्यादी महिला ना-हरकतीचे प्रतिज्ञापत्र करते, आधार कार्ड घेऊन हजर राहते, तिचा वकील तिची ओळख पटवतो. ही सोय चांगली असली तरी महागडी आहे. तालुक्यात पाच मिनिटांत होणाऱ्या कामासाठी मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, वकील वेगळा लावावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयानेच 2022 मध्ये पक्षकारांच्या या हेलपाट्यांवर बोट ठेवून 498अ तडजोडपात्र करण्याबाबत केंद्राने विचार करावा, असे म्हटले होते. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला या उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने दक्षिण महाराष्ट्राची पायपीट तेवढी कमी झाली.

चेक न वटल्याच्या खटल्यांत तडजोड कधीही चालते, फक्त उशिराची किंमत पडते. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खर्च टप्प्यांनुसार चेकच्या रकमेच्या 10 ते 20 टक्के ठरवला होता. 2025 मध्ये गोव्यातून गेलेल्या प्रकरणात तो कमी केला. आता बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी मिटवल्यास काहीच द्यावे लागत नाही.

समेट नेहमीच मोकळ्या मनाने होतो, असे मानण्यात अर्थ नाही. राजस्थानात विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा आरोप असलेल्या शिक्षकाने मुलीच्या वडिलांशी मुद्रांकावर समझोता केला आणि तेथील उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. घरचे गप्प होते. सर्वोच्च न्यायालयात गेले ते गावातले दुसरेच लोक. 7 नोव्हेंबर 2024 रोजी त्या न्यायालयाने रद्दीचा आदेश फिरवला आणि शिक्षकावरील खटला पुढे चालवण्यास सांगितले.