नित्य व्यायाम माणूस कां करितो?

दिवाळीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यांतील तळोद्याहून सातपुड्यांत शिरणाऱ्या वाटा यात्रेकरूंनीं भरून जातात. अस्तंब्याचें शिखर चार हजार फुटांहून उंच. तेथें अश्वत्थाम्याचें स्थान असून, कपाळावरील जखमेसाठीं तो अजूनही तेल मागत हिंडतो, अशी त्या मुलखांत समजूत आहे. आदिवासी तरुण रानावनांतून पायीं चालत हा डोंगर चढतात. त्यांतील एकालाही आपण व्यायाम करीत आहों असें वाटत नसेल. कोणी नवस फेडावयास निघतो, कोणी सोबती निघाले म्हणून निघतो. आणि खालीं उतरल्यावर शेताचे व लांकूडपाण्याचे श्रम त्याच्यापुढें उभे असतातच.

ज्यांचें पोट लेखणीवर चालूं लागलें, त्यांना मात्र अंग हलविण्यासाठीं कांहीं कारण शोधावें लागलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्याकडे असा वर्ग तयार झाला. तालीम पूर्वीही होती. पण तिकडे जाणारा पेशानें शिपाई किंवा मल्ल असे. कॉलेजांतला विद्यार्थी पहांटे उठून जोर कां काढूं लागला, हा प्रश्न नवा होता, आणि त्याचीं उत्तरें माणसागणिक निराळीं आहेत.

लोकमान्य टिळकांचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. 1873 सालीं डेक्कन कॉलेजांत आले तेव्हां त्यांची प्रकृति अगदीं किरकोळ होती. आदल्या वर्षींच वडील वारले होते. लग्न होऊन थोडाच काळ लोटला होता, आणि नवऱ्यापेक्षां बायको सुदृढ अशी थट्टा स्नेही करीत, अशी आठवण सांगतात. त्या तरुणानें कॉलेजाचें पहिलें वर्ष पुस्तकांपेक्षां तालमीला आणि पोहण्याला दिलें. आजच्या एखाद्या पालकानें हें ऐकलें तर त्याच्या छातींत धडकी भरेल! पण 1908 पासून 1914 पर्यंत मंडालेच्या तुरुंगांत मधुमेहासह काढलेलीं वर्षें ज्या शरीरानें सोसलीं, तें या वर्षीं घडलें होतें. लाज हें व्यायामाचें फार जलद कारण आहे. तिचा जोर सहसा लवकर ओसरतो. टिळकांच्या बाबतींत तिची जागा पुढें मोठ्या कामानें घेतली.

दामोदर हरि चापेकर यांचें कारण याहून उघड होतें. त्यांना सैनिक व्हावयाचें होतें. तो मार्ग मोकळा नव्हता, म्हणून पुण्यांतील मुलें जमवून त्यांनीं शरीर कमावण्याचा व मर्दानी शिक्षणाचा उपक्रम आपणच आरंभिला. त्याचा शेवट 1897 सालच्या रँडच्या वधांत आणि 1898 सालच्या फांशींत झाला. त्या व्यायामाला एक दिवस नेमलेला होता, असें म्हटलें तरी चालेल. ज्याच्यापुढें असा दिवस नाहीं, त्या सामान्य गृहस्थानें काय करावें?

या प्रश्नाचा माग काढतांना मला औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि सर्वांत उपयोगी वाटतात. संस्थानिक असूनही या एका बाबतींत ते तुमच्याआमच्यासारखे होते. 1897 सालीं, वयाच्या तिशीच्या आंत, त्यांनीं युजेन सँडोचीं उपकरणें व पुस्तकें विकत घेतलीं. सँडो हा जर्मनींत जन्मलेला आणि लंडनांत आपल्या पिळदार देहाचे प्रयोग करून नांवाजलेला पुरुष. त्याचें चित्र पाहून आपलाही देह तसा व्हावा ही इच्छा त्या काळीं जगभर अनेकांना झाली. तींत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. बहुतेकांचा पहिला डंबेल्सचा जोड याच इच्छेनें घरांत येतो, आणि चारदोन महिन्यांनीं पलंगाखालीं जातो. भवानरावांनीं मात्र तो क्रम दहा वर्षें निष्ठेनें चालविला. त्यांना गुणही आला.

असें असतां 1908 च्या सुमारास त्यांनीं तो सोडला आणि मिरजेचे अधिपति गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या सल्ल्यानें सूर्यनमस्कार धरले. उपकरणें लागत नाहींत, खर्च नाहीं, स्नायूंबरोबर श्वासाला व पोटांतील इंद्रियांनाही श्रम होतात, हीं त्यांनीं दिलेलीं कारणें सयुक्तिक आहेत. परंतु मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सँडोचा व्यायाम करणारा आरशाकडे पाहतो, आणि आरसा वय वाढत जातें तसा निराश करूं लागतो. नमस्कार घालणारा उगवत्या सूर्याकडे तोंड करितो, मंत्र म्हणतो, आसनें ठराविक क्रमानें पार पाडतो आणि संख्या मोजतो. आज छाती किती इंच भरली हा प्रश्न तेथें उरत नाहीं. आजचे नमस्कार झाले कीं नाहींत, एवढाच उरतो. स्नानसंध्येसारखी ती दिवसाची एक बाब होऊन बसते, आणि मग रोज नवें कारण शोधण्याची गरज पडत नाहीं.

दुसरें असें कीं, हा व्यायाम त्यांनीं एकट्यापुरता ठेविला नाहीं. 1909 सालीं गादीवर आल्यानंतर संस्थानांतील शाळांतून मुलगे व मुली दोघांकडूनही नमस्कार घालून घेण्याची पद्धत त्यांनीं पाडली. राजवाड्यांत राणीसाहेब व मुलें यांचाही तोच क्रम होता. सुशिक्षित घरांतही बायकांना घरकाम हाच व्यायाम पुरे, असें म्हणण्याचा प्रघात त्या काळीं होता, आणि तो अजून समूळ गेला आहे असें मला वाटत नाहीं. 1928 सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक निघालें. पुढें लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंनीं त्याच व्यायामाची ओळख विलायतेंतील वाचकांस करून दिली, आणि 1938 सालीं 'द टेन-पॉइंट वे टु हेल्थ' हें पुस्तक लंडनांत प्रसिद्ध झालें. शाळेंत सक्ति करावी कीं नाहीं, यावर अर्थात् मतभेद आहे. सक्तीनें घातलेला नमस्कार शाळा सुटतांच सुटण्याचा संभव मोठा. घरांत आईबाप स्वतः घालीत असतील, तर गोष्ट निराळी.

भवानराव 1951 सालीं वारले. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत वकिलातीच्या कामावर आफ्रिकेंत, युरोपांत व इतरत्र कित्येक वर्षें राहिले. बाळपणीं हा व्यायाम त्यांनीं आपण होऊन निवडला नव्हता; तो वडिलांचा होता. पुढें सूर्यनमस्कारांवर त्यांनींही एक पुस्तक लिहिलें.