दिनविशेष : २४ एप्रिल
२०१७ : दिल्लीच्या प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ एका रात्रीत जमीनदोस्त. रविवारी, २३ तारखेला बुलडोझर आत शिरले आणि सोमवारी सकाळी तिथे ढिगारा होता.

हे सभागृह म्हटले की वास्तुविशारद राज रेवल यांचे नाव येते, आणि ते रास्तच आहे. पण ते उभे कसे राहिले, याचे उत्तर महेंद्र राज या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडे होते. सभागृहाचा सांगाडा म्हणजे एक त्रिमितीय जाळी; अशी जाळी एरवी पोलादी नळ्यांची करतात. त्या काळी आपल्याकडे पोलाद महाग, मजुरी स्वस्त. म्हणून महेंद्र राज यांनी सगळी जाळी जागेवरच काँक्रीटमध्ये ओतवली. मधे एकही खांब नाही, आणि गाळा सुमारे ७८ मीटरचा! ‘एशिया ७२’ प्रदर्शनासाठी हे काम वेळेत पुरे झाले.

चंदीगडला वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएच्या इमारतींची गणिते तरुणपणी मांडणाऱ्या महेंद्र राज यांनी १९६० मध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला, तो मुंबईत. पुढे चार्ल्स कोरिया, बाळकृष्ण दोशी असे मोठे वास्तुविशारद त्यांच्याकडे येत राहिले. वाचकांपैकी किती जणांनी त्यांचे नाव ऐकले असेल?

वारसा ठरण्यासाठी इमारत साठ वर्षांची असावी, अशी अट पाडकामाच्या वेळी लावली गेली; सभागृह तेवढे जुने नव्हते, म्हणून ते वारसा ठरले नाही. राज यांचे निधन मे २०२२ मध्ये झाले.