सुधारणेची मुदत

कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात 1882 साली टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली. त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात प्रत्यक्षात 101 दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिल्यामुळे मराठी वाचकाला हा तुरुंग ठाऊक आहे. पुढे त्याच इमारतीत मुलांचे रिमांड होम आले, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. मोठ्यांसाठी बांधलेला तुरुंग मुलांसाठी चालला, याला मुंबईतली जागेची टंचाई कारण असेलही. पण आपल्याकडच्या बालन्यायाची एक जुनी खोडही त्यात दिसते. मुलाला शिक्षा करायची नाही, सुधारायचे, असे एकदा ठरले की त्याला किती काळ कोंडून ठेवले याचा जाब कोणी विचारत नाही.

ही खोड कायद्याच्या कलमांतच सापडते. किरकोळ गुन्हा केलेल्या आणि पोरक्या, निराधार मुलांना मॅजिस्ट्रेटने कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला लावावे, अशी तरतूद 1850च्या कायद्याने केली. मुंबईत 1857 साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. मग 1876चा आणि त्याच्या जागी 1897चा सुधारशाळा कायदा आला. 1897चा कायदा पंधरा वर्षांखालच्या मुलग्यांपुरताच होता. मुलींचा त्यात विचारच नव्हता. मुलगा सुधारशाळेत गेला की मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे. भुरट्या चोरीत सापडलेला प्रौढ थोडक्या कैदेवर सुटू शकत होता. तसल्याच चोरीसाठी सुधारशाळेत धाडलेल्या बारा वर्षांच्या पोराला मात्र तीन वर्षांच्या आत घर दिसत नसे. हाताला धंदा लागायला वेळ हवा, हा यामागचा विचार प्रामाणिकही असेल. पण त्या वेळाची किंमत मुलगा आणि त्याचे आईबाप मोजत होते. 1911च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर याच्याही पुढची मजल मारली: त्या जमातींची मुले आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवायची मुभा सरकारला मिळाली. तिथे मुलाने काही गुन्हा केलेला असण्याचीही गरज उरली नाही.

यावर कोणी म्हणेल, तुरुंगात सराईत गुन्हेगारांच्या संगतीत राहण्यापेक्षा हे बरेच नव्हते का? बरे होते, आणि ते मान्य केलेच पाहिजे. 1919-20च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये सुचवली, 1924 साली मुंबईचा बाल कायदा झाला, 1927 साली चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. यामागच्या माणसांची कळकळ खरी होती. पण 1924च्या कायद्याने चोरी करणारा आणि भीक मागणारा, किंवा नुसताच बेवारस फिरणारा, असे दोघेही पोलिसांमार्फत एकाच न्यायालयापुढे येऊ लागले. गरिबी हेच कोंडण्याचे कारण झाले. शिवाय तुरुंगातून मुले सुटली, हेही पुरते खरे नव्हते. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर मुलांना तुरुंगात ठेवू नका, असे सर्वोच्च न्यायालयाला 1986 साली सांगावे लागले. त्याच वर्षी देशभरासाठी एकच बालन्याय कायदा झाला. पुढे 2000च्या कायद्याने निराधार मुलांसाठी बालकल्याण समिती आणि विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या, मुलांसाठी बाल न्याय मंडळ अशा दोन वेगळ्या वाटा ठेवल्या, आणि 2006च्या दुरुस्तीनंतर या दुसऱ्या मुलांच्या विशेष गृहातल्या मुक्कामाला तीन वर्षांची वरची मर्यादा आली. 1897 साली जी किमान मुदत होती, ती आता कमाल झाली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा पल्ला हाच.

दिल्लीच्या 2012च्या सामूहिक बलात्कारातला एक आरोपी अल्पवयीन निघाल्यावर याच तीन वर्षांवर लोकांचा रोष उसळला. तो समजण्यासारखा होता; एवढ्या क्रौर्यानंतर पीडितेच्या घरच्यांना ही मुदत तुटपुंजी वाटली, यात नवल नाही. तरीही त्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने बालकाची अठरा वर्षांची वयोमर्यादा खाली आणण्याची शिफारस केली नाही. संसदेने 2015च्या कायद्यात निर्घृण गुन्ह्यांपुरती सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांवर प्रौढांप्रमाणे खटल्याची वाट उघडली. चर्चा सगळी तेवढ्याच कलमाची होते. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे: किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, वाढवून घेतली तरी सहा महिन्यांत संपली नाही, तर प्रकरणच संपुष्टात येते. मोबाइल किंवा सायकल चोरल्याच्या संशयावरून आणलेल्या पोरासाठी ही मुदत सर्वांत मोलाची आहे. ती पाळली जाते की नाही, हे प्रत्येक जिल्ह्यातल्या बाल न्याय मंडळाने दरवर्षी जाहीर करायला हवे.