भारतातील बिनतारी उपकरणांची मान्यता व चिन्हांकन

भारतातील बिनतारी उपकरणांची मान्यता व चिन्हांकन म्हणजे रेडिओ लहरींचा वापर करणारी उपकरणे भारतीय बाजारपेठेत आणण्यापूर्वी पूर्ण करावी लागणारी चाचणी, मंजुरी व लेबल यांची वैधानिक व्यवस्था होय. मोबाइल फोन, वाय-फाय राउटर, ब्लूटूथ हेडफोन, वॉकीटॉकी, आरएफआयडी वाचक अशी उपकरणे या व्यवस्थेच्या कक्षेत येतात. भारतात या कामासाठी एकच संस्था वा एकच चिन्ह नाही. रेडिओ लहरींचा वापर, दूरसंचार जाळ्याशी जोडणी आणि विद्युत सुरक्षा या तीन बाबी तीन वेगवेगळ्या यंत्रणा तपासतात. त्यामुळे वस्तूवर दिसणारे एखादे चिन्ह म्हणजे त्या वस्तूस मिळालेली संपूर्ण मान्यता नव्हे.

पार्श्वभूमी

रेडिओ वर्णपट ही मर्यादित राष्ट्रीय संपत्ती मानली जाते. विमानवाहतूक, संरक्षण, पोलीस, आकाशवाणी, उपग्रह व मोबाइल सेवा यांना त्यातील निरनिराळे पट्टे वाटून दिलेले असतात. एखादे उपकरण चुकीच्या पट्ट्यात किंवा मर्यादेपेक्षा अधिक शक्तीने प्रक्षेपण करू लागल्यास शेजारच्या सेवेत व्यत्यय येतो. हा व्यत्यय उपकरण वापरणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही. म्हणून उपकरण विकले जाण्यापूर्वीच त्याची तपासणी करण्याची पद्धत जगभर रूढ झाली.

कायदेशीर आधार

या व्यवस्थेचा पाया भारतीय तार अधिनियम, १८८५ आणि भारतीय बिनतारी तारयंत्र अधिनियम, १९३३ या दोन कायद्यांनी घातला. १९३३च्या कायद्यानुसार बिनतारी उपकरण परवान्याविना केवळ जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. विनापरवाना प्रक्षेपक बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे. घरगुती रेडिओसंचासाठी टपाल कार्यालयातून परवाना घेण्याची जुनी पद्धतही याच विचारातून आली होती. पुढे ती रद्द झाली.

दूरसंचार अधिनियम, २०२३ हा या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी संमत करण्यात आला. त्याची कलमे २०२४पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी प्राधिकार किंवा सूट आवश्यक असल्याचे तत्त्व या कायद्यातही कायम आहे.

परवानामुक्त पट्टे

प्रत्येक वाय-फाय राउटरसाठी स्वतंत्र परवाना देणे व्यवहार्य नसल्याने काही पट्टे अधिसूचनेद्वारे परवानामुक्त करण्यात आले आहेत. त्यांपैकी प्रमुख पट्टे पुढीलप्रमाणे:

• २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ: वाय-फाय व ब्लूटूथसाठी, २००५ची अधिसूचना. प्रक्षेपकाची कमाल शक्ती १ वॅट.
• ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील चार पट्टे, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ: वाय-फायसाठी, २०१८ची अधिसूचना.
• ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ: आरएफआयडी व अल्प पल्ल्याच्या उपकरणांसाठी. २००५मध्ये ८६७ मेगाहर्ट्झपर्यंत असलेली मर्यादा २०२१च्या नियमांनी वाढवली.
• ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ: अल्प शक्तीच्या वॉकीटॉकींसाठी, २०१८ची अधिसूचना.

परवानामुक्त याचा अर्थ नियममुक्त असा नाही. वापरकर्त्यास परवाना लागत नसला, तरी उपकरणाच्या प्रतिरूपास मान्यता असावी लागते. मोबाइल फोनमधील वाय-फाय व ब्लूटूथ या भागांना हाच नियम लागू होतो. फोनचा मोबाइल सेवेशी होणारा संपर्क मात्र सेवादात्या कंपनीला मिळालेल्या पट्ट्यांतून व तिच्या परवान्याखाली चालतो.

प्रतिरूप मान्यता

परवानामुक्त पट्ट्यांतील उपकरणांना दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा मान्यता देते. ही शाखा १९५२मध्ये स्थापन झाली. या मान्यतेस व्यवहारात ईटीए असे म्हणतात. तिची प्रादेशिक कार्यालये असलेल्या शहरांत मुंबईचा समावेश होतो.

मान्यता प्रत्येक नगास नव्हे, तर प्रतिरूपास म्हणजे मॉडेलला मिळते. अर्जासोबत अधिस्वीकृत प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. त्यात वारंवारता, प्रक्षेपणशक्ती व पट्टारुंदी यांची मोजमापे असतात. मोबाइल फोन, लॅपटॉप यांसारख्या ठरावीक गटांतील वस्तूंसाठी ‘सरल संचार’ या संकेतस्थळावर स्वयंघोषणेद्वारे मान्यता मिळवण्याची सोय आहे. आयातीच्या वेळी सीमाशुल्क अधिकारी ही मान्यता तपासतात. परवानामुक्त नसलेल्या पट्ट्यातील उपकरणांना ही वाट उपलब्ध नसून त्यांच्यासाठी परवाना घ्यावा लागतो.

दूरसंचार उपकरणांचे अनिवार्य प्रमाणन

भारतीय तार नियमांत २०१७मध्ये केलेल्या दुरुस्तीने दूरसंचार जाळ्याशी जोडल्या जाणाऱ्या उपकरणांची चाचणी व प्रमाणन अनिवार्य केले. एमटीसीटीई या नावाने ओळखली जाणारी ही योजना नवी दिल्लीतील दूरसंचार अभियांत्रिकी केंद्र राबवते. तिचा पहिला टप्पा १ ऑक्टोबर २०१९ रोजी आणि दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२० रोजी लागू झाला. विद्युतचुंबकीय सुसंगती, सुरक्षा, तांत्रिक क्षमता इत्यादी ‘अत्यावश्यक गरजा’ उपकरणप्रकारानुसार ठरवलेल्या असतात.

भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी

विद्युत सुरक्षेची बाजू भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. अनिवार्य नोंदणी आदेशानुसार अधिसूचित इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर ब्यूरोचे मानक चिन्ह व ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापावा लागतो. ही नोंदणी विशिष्ट कारखाना, वस्तू व ब्रँड यांच्याशी बांधलेली असते. विजेचा धक्का, अतिउष्णता व आग यांपासूनचे संरक्षण हा तिचा मुख्य विषय असून वारंवारता किंवा प्रक्षेपणशक्ती यांविषयी ती काहीही सांगत नाही.

मोबाइल फोनसाठी आयएस १६३३३ भाग ३ हे भाषाविषयक मानकही लागू आहे. त्यानुसार फोनवर मराठीसह आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे. तसेच इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत टंकलेखनाची सोय असली पाहिजे.

मोबाइल फोनसाठीच्या अन्य अटी

फोनमधून शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओ ऊर्जेची मर्यादा भारतात १ ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर १.६ वॅट प्रति किलोग्रॅम अशी आहे. ती १ सप्टेंबर २०१२पासून लागू झाली. प्रत्येक फोनला आयएमईआय क्रमांक असणे आवश्यक असून तो *#०६# ही कळ दाबून पाहता येतो. या क्रमांकात फेरफार करणे हा गुन्हा आहे. १ जानेवारी २०१७पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये आपत्कालीन कळ बंधनकारक करण्यात आली. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत, उत्पादक वा आयातदाराचे नाव व पत्ता हा तपशील वैधमापनशास्त्राच्या २०११च्या नियमांनुसार द्यावा लागतो.

परदेशी मान्यतेची मर्यादा

अमेरिकेत रेडिओ उपकरणांवर एफसीसी क्रमांक, तर युरोपीय संघात सीई चिन्ह असते. या खुणा भारतातील मान्यतेची जागा घेऊ शकत नाहीत, कारण पट्ट्यांचे वाटप देशागणिक बदलते. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्प शक्तीच्या उपकरणांना खुला आहे. त्यातील ९१५ मेगाहर्ट्झपर्यंतचा भाग भारतात मोबाइल फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या संदेशांसाठी वापरला जातो. फोनचे संदेश मनोऱ्यापर्यंत पोहोचताना अतिशय क्षीण झालेले असतात. त्यामुळे अमेरिकेतील मान्यताप्राप्त संवेदकही येथे परिसरातील मोबाइल सेवा बिघडवू शकतो. त्याच कामासाठी भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झवरील प्रतिरूप वापरावे लागते.

अंमलबजावणी व अडचणी

ऑनलाइन विक्रीमुळे मान्यता नसलेली उपकरणे थेट ग्राहकापर्यंत पोहोचू लागली. वॉकीटॉकी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झबाहेरील पट्ट्यांत चालणारे संच परवान्याची आवश्यकता न सांगता विकले जात असल्याचे आढळल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५मध्ये ई-वाणिज्य मंचांना नोटिसा बजावल्या. त्यानंतर त्याने अशा विक्रीविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. वारंवारता व मान्यतेचा तपशील विक्रीच्या पानावर देणे त्यांनुसार आवश्यक झाले. खाजगीरीत्या बसवलेले मोबाइल सिग्नल बूस्टर व जॅमर हेही बेकायदेशीर आहेत.

ग्राहकाच्या दृष्टीने मुख्य अडचण चिन्हांकनाची आहे. मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर, तर फोनचा आयएमईआय क्रमांक ‘संचार साथी’वर पडताळता येतो. ईटीए मान्यतेसाठी मात्र उपकरणावर सर्वसाधारणपणे स्वतंत्र चिन्ह नसते. परिणामी विद्युत सुरक्षेचे चिन्ह पाहून रेडिओ मान्यताही गृहीत धरली जाण्याची शक्यता राहते. परवाना नसलेले उपकरण बाळगण्याची कायदेशीर जबाबदारी मात्र केवळ विक्रेत्यावर न राहता खरेदीदारावरही येते.

हे सुद्धा पहा

• रेडिओ वर्णपट
• दूरसंचार विभाग
• भारतीय मानक ब्यूरो
• सीई चिन्ह