चार वर्षांचे वतन

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे शिक्षकाला 'मुदर्रिस' आणि मुख्याध्यापकाला 'सदर मुदर्रिस' म्हणतात. 'मदरसा' हा शब्दही त्याच कुळातला. जिथे धडा दिला जातो ती जागा, एवढाच त्याचा मूळ अर्थ. या साध्या शब्दाला जगाच्या राजकारणात कोणते रूप आले, ते बराक ओबामांच्या बालपणाच्या हकीकतीतून चांगले कळते.

१९६७ साली सहा वर्षांचा बराक आईसोबत जकार्ताला गेला. आई अ‍ॅन डनहॅम यांनी लोलो सुतोरो या इंडोनेशियन गृहस्थांशी दुसरा विवाह केला होता. मुलगा आधी एका कॅथॉलिक शाळेत शिकला, नंतर मेंटेंग भागातील सरकारी शाळेत. कॅथॉलिक शाळेच्या नोंदीत त्याचे नाव 'बॅरी सुतोरो' आणि धर्म 'इस्लाम' असा लिहिलेला आहे. शाळेचे जनरल रजिस्टर ज्यांनी भरले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. धर्माच्या रकान्यात मुलाचे मत कोण विचारतो? पालक सांगतात, आपण लिहितो. पुढे ओबामा ख्रिस्ती म्हणूनच जगले.

आई पहाटे चारला उठवून त्याच्याकडून इंग्रजीचे धडे करून घेई. दिवसा तो पतंग उडवी, भातखाचरांच्या कडेने धावे. इंडोनेशियन भाषेत शिक्षकाला 'गुरू' म्हणतात आणि विद्यार्थ्याला 'मुरिद'. एक शब्द संस्कृतातला, दुसरा अरबीतला, आणि दोघे एकाच वर्गात! शाळेला मात्र ते 'सेकोलाह' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांनी दिलेला. मदरसा ही तिथे वेगळ्या प्रकारची शाळा असते.

१९७१ मध्ये दहा वर्षांचा बराक आजी-आजोबांकडे हवाईला परतला. आईचा जीव मात्र त्या देशात गुंतला होता. जावातील काजार गावच्या लोहारांवर तिने वर्षानुवर्षे संशोधन केले आणि १९९२ साली त्यावर डॉक्टरेट मिळवली. १९९५ मध्ये तिचे निधन झाले. मुलगा राष्ट्राध्यक्ष झालेला पाहणे तिच्या नशिबी नव्हते.

जानेवारी २००७ मध्ये, ओबामा निवडणुकीच्या तयारीत असताना, अमेरिकेत बातमी पसरवली गेली की ते लहानपणी 'मदरशा'त शिकले. सीएनएनच्या वार्ताहराने थेट जकार्ता गाठून शाळा पाहिली. ती चारचौघींसारखी सरकारी शाळा निघाली आणि बातमी खोटी ठरली. पण त्या खुलाशाने माझे समाधान होत नाही. 'ती मदरसा नव्हती' एवढे सिद्ध झाले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. असती, तर? सहा वर्षांच्या पोराचा त्यात काय गुन्हा ठरला असता? हा प्रश्न कोणी विचारला नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये ओबामा मुंबई-दिल्लीचा दौरा आटोपून जकार्ताला उतरले. त्याच वर्षी हा दौरा दोनदा पुढे ढकलला गेला होता, आणि आता मेरापी ज्वालामुखीच्या राखेमुळे मुक्काम आखडता घ्यावा लागला. १० तारखेला त्यांनी इस्तिकलाल मशीद पाहिली. त्यांच्या लहानपणी तिचे बांधकाम चालू होते, ती खुली झाली १९७८ मध्ये. तिचे वास्तुकार फ्रीडरिख सिलाबान ख्रिस्ती होते आणि समोरच कॅथॉलिक कॅथेड्रल उभे आहे.

त्यानंतर इंडोनेशिया विद्यापीठात त्यांनी तिथल्याच भाषेत 'पुलांग कांपुंग नीह' म्हटले. म्हणजे, गावी परतलो बरं का! सभागृहात जल्लोष झाला. सातेचे तुकडे आणि बाक्सोचे गोळे विकणाऱ्या फेरीवाल्यांच्या आरोळ्या त्यांना आठवत होत्या. पण त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट कबूल केली. ते राहायला आले त्याच्या थोडे आधी तिथे मोठा रक्तपात झाला होता, आणि घरीदारी कोणी त्याविषयी बोलत नसल्याने त्यांना तेव्हा तो ठाऊकच नव्हता.

१९६५-६६ च्या त्या कत्तलीत किमान पाच लाख माणसे मारली गेली असे मानले जाते. २०१७ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दिसते की अमेरिकी दूतावासाला त्या वेळीच याची तपशीलवार माहिती होती. ज्या देशाचे ते अध्यक्ष झाले त्याला जे ठाऊक होते, ते त्या देशाच्या एका लेकराला पतंगाच्या आभाळाखाली ठाऊक नव्हते.

बालपणीच्या मुलखात परतणे म्हणजे नुसते जुने घर आणि जुनी चव शोधणे नव्हे. तेव्हा घरातली मोठी माणसे कशाविषयी गप्प होती, हेही तिथे जाऊन समजून घ्यायचे असते.

आपल्या कोकणातील कितीतरी मुले वडिलांच्या नोकरीपायी कुवेत, दुबईला दोन-चार वर्षे राहून परत येतात आणि आमच्या वर्गात बसतात. त्यांच्या बोलण्यात मधूनच एखादा अरबी शब्द येतो आणि इतर पोरे हसतात. तो शब्द पुसायची घाई आपण करू नये. उद्या त्या मुलुखाकडे वळून पाहताना तोच त्यांच्या हाताशी असेल.