वाळवंटासाठी एसयूव्हीचे सस्पेन्शन : उंचीआधी वजन आणि उष्णतेचा विचार

गोव्यातील ऑफ-रोड वाहनचालन हे मुख्यतः चिखलातले आहे. २०१४ पासून ऐन पावसाळ्यात येथे भरत आलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेने तांबडी माती, ओढे आणि निसरडे चढ यांतून वाहन कसे काढावे, याची ओळख येथील हौशी चालकांना करून दिली. हिवाळ्याच्या सुटीत जैसलमेर किंवा कच्छकडे स्वतःच्या वाहनाने जाण्याचा बेत आखणारा मुरगावचा अथवा डिचोलीचा वाहनमालकही तयारी करतो ती बहुधा याच अनुभवाच्या आधारे. परंतु चिखलात उपयोगी पडणारी रचना वाळवंटात पुरेशी ठरत नाही, क्वचित अपायकारकही ठरते.

चिखलात किंवा खडकाळ ओढ्यात वाहन चालीच्या वेगाने सरकते. तेथे प्रत्येक चाक शक्य तितके खाली लोंबून जमिनीला टेकून राहणे महत्त्वाचे असते. वाळवंटातील अडचण वेगळी आहे. वाळूत थांबलेली गाडी रुतते, म्हणून वेग टिकवावा लागतो आणि त्या वेगात प्रत्येक उंचवट्याचा धक्का सस्पेन्शनवर येतो. त्याहून छळणाऱ्या असतात टेकड्यांपर्यंत नेणाऱ्या कच्च्या वाटा. सततच्या रहदारीने त्यांवर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उमटलेल्या असतात. अशा वाटेवर तासभर धावणाऱ्या गाडीचे शॉकॲब्सॉर्बर हजारो वेळा दाबले आणि ताणले जातात.

वाळवंटी तयारीचा कणा येथेच आहे. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते व धक्का साठवते. तो साठलेला धक्का जिरवण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. आतील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. ही उष्णता बाहेर टाकता आली नाही तर तेल पातळ होते, त्यात फेस धरतो आणि दट्ट्याला होणारा विरोध घटतो. मग तीच गाडी त्याच वाटेवर अचानक उसळू लागते, वळणावर मागचा भाग बाजूला सरकतो. चालकाला वाटते रस्ता बिघडला. बिघडलेला असतो शॉकॲब्सॉर्बर. यावर उपाय म्हणजे अधिक जाड व्यासाचे, नायट्रोजन वायूच्या दाबाखाली तेल ठेवणारे शॉकॲब्सॉर्बर. एकनळी रचनेत तेल बाहेरच्या नळीला थेट लागून असल्याने ते लवकर निवते. मात्र त्या नळीला दगडाचा पोचा बसला तर दट्ट्या अडकू शकतो. दुहेरी नळीचा प्रकार दगडाचा मार अधिक सोसतो. स्वतंत्र तेलटाकी जोडलेले महागडे प्रकार शर्यतीसाठी ठीक. आठवड्याच्या कौटुंबिक सहलीसाठी त्यांची गरज सहसा भासत नाही.

दुसरा विचार वजनाचा. २० लिटर पाण्याचा कॅन २० किलोंचा, तितक्याच डिझेलचा सुमारे १७ किलोंचा. त्यात तंबू, सुटे चाक, अवजारे, छतावरील लोखंडी कॅरियर आणि पाच माणसे मिळवली की मागची स्प्रिंग अर्धी वाट आधीच दबलेली असते आणि धक्क्यासाठी तिच्यात जागा उरत नाही. म्हणून नवी स्प्रिंग निवडण्यापूर्वी सपाट जागी, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर रिकाम्या व भरलेल्या गाडीचे मोजून ठेवावे. या दोन आकड्यांशिवाय ‘हेवी ड्युटी’ स्प्रिंग मागणे म्हणजे माप न देता कपडे शिवायला टाकणे. फार ताठ स्प्रिंग घातलेली गाडी रिकामी असताना दगडासारखी आदळते, आणि वर्षातील पन्नास आठवडे ती वास्को-पणजी रस्त्यावर रिकामीच धावायची असते. बोलेरोसारख्या मागे पाटे असलेल्या वाहनात एक पाटा वाढवण्याची रीत जुनी आहे. त्याने भार पेलतो, पण चाकाची हालचाल आखडते. शिवाय स्प्रिंग कितीही भक्कम बसवली तरी उत्पादकाने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा वाढत नाही. ब्रेक आणि ॲक्सल तेच राहतात.

उंचीकडे मात्र सगळ्यांचे लक्ष आधी जाते. नव्या थारला जमिनीपासून २२६ मिलिमीटर, तर जिम्नीला २१० मिलिमीटर मोकळीक मूळचीच आहे. वाळूसाठी ती पुरते. आणखी ४०-५० मिलिमीटर उंची चढवली की गुरुत्वमध्य वर जातो, पुढील ॲक्सलच्या सांध्यांचा कोन वाढतो, स्टिअरिंग सरळ येण्याचा गुण कमी होतो आणि ब्रेकची नळी ताणली जाते. टेकडीच्या उतारावर आडवी झालेली गाडी उलटण्याचा धोका त्याने वाढतोच. २०२२ पासून डाकार रॅलीच्या अव्वल गटातील गाड्यांना चाकाच्या ३५० मिलिमीटर हालचालीची आणि ३७ इंची टायरची मुभा आहे, पण त्या गाड्यांचा सांगाडाच त्या हिशेबाने बांधलेला असतो. छायाचित्रे पाहून त्यांची नक्कल करू नये.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. झिजलेला शॉकॲब्सॉर्बर त्याच मापाच्या दर्जेदार भागाने बदलणे निराळे आणि उंची व टायरचा आकार बदलणे निराळे. दुसरा मार्ग धरायचा असेल तर पैसे मोजण्यापूर्वी वाहतूक खात्याच्या कार्यालयात चौकशी करावी, विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर दावा अडला तर गॅरेजवाला साक्षीला येत नाही.

मुरगाव परिसरातील वाहनांना आणखी एक पथ्य आहे. समुद्रावरील खाऱ्या वाऱ्याने स्प्रिंगवरचा रंग जेथे उडालेला असतो तेथे गंज धरतो. सर्वांत खालच्या वेटोळ्यात माती व ओल साचते, आणि स्प्रिंग तुटते ती बहुतेकदा तेथेच. सोळाशे-सतराशे किलोमीटरच्या प्रवासाआधी गाडी उचलून ही वेटोळी घासून पाहावीत, शॉकॲब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ आहे का ते तपासावे, रबरी बुश चिरले असतील तर बदलावेत. नवे भाग निघण्याच्या आदल्या दिवशी बसवू नयेत. पाचशे किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा आवळावेत आणि अलाइनमेंट करून घ्यावे.

सरावासाठी घराजवळची वाळू वापरण्याचा मोह होतो, पण गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पेडण्यातील मोरजीचा किनारा सागरी कासवांच्या अंडी घालण्याची जागा आहे. जैसलमेरजवळही माळढोकाचा अधिवास असलेल्या डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत वाट सोडून गाडी घालू नये. परवानगी असलेल्या टेकड्यांवर उतरण्यापूर्वी टायरमधील हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत कमी करावी. जमिनीला टेकणारा टायरचा भाग त्याने लांबतो व गाडी वाळूवर तरते. लहान धक्के टायरच गिळतो, त्यामुळे सस्पेन्शनवरचा भारही हलका होतो. डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप सोबत असावा. कच्छच्या रणातून परतल्यास तेथील मिठाचा थर त्याच दिवशी गोड्या पाण्याने, विशेषतः स्प्रिंगच्या बैठकीतून, धुऊन काढावा.