मठाधिपतीची ढाल

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी घराण्यांना ढालीवरील चिन्हांची भाषा अगदीच परकी नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदी संस्थानिकांकरिता युरोपीय धर्तीची चिन्हे तयार केली व ती रेशमी ध्वजांवर झळकली. ती चिन्हे राजवंशांची होती. याच चिन्हविद्येची एक शाखा मात्र ज्यांना वंशच नाही अशा पुरुषांसाठी वाढली. कॅथलिक मठाधिपती, म्हणजे ॲबट, ब्रह्मचारी असतो. त्याची ढाल मुलाकडे जात नाही. मग त्या ढालीला अर्थ कोणता, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

प्रथम लक्ष जाते ते ढालीवरील टोपीकडे. सरदाराच्या ढालीवर शिरस्त्राण असते. धर्माधिकाऱ्याच्या ढालीवर रुंद काठाची, यात्रेकरूच्या टोपीसारखी टोपी. पोप चौथे इनोसंट यांनी १२४५ मध्ये कार्डिनलांना लाल टोपी दिली. पुढे ती चिन्हांत आली आणि रंग व गोंडे यांवरून दर्जा ओळखण्याची रीत पडली. कार्डिनलाची टोपी लाल, दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा गोंडे. बिशपाची हिरवी, सहा-सहा गोंडे. मठाधिपतीलाही गोंडे सहा-सहाच, पण टोपी सामान्यतः काळी.

ढालीमागे उभा असतो तो मेंढपाळाच्या आकडीसारखा दंड. त्याला एक शुभ्र वस्त्र बांधलेले असते. हाताचा घाम धातूस लागू नये, हा त्याचा व्यवहारी उपयोग. चिन्हात मात्र ते मठाधिपतीचा दंड बिशपाच्या दंडाहून निराळा दाखविते. बिशपाची सत्ता प्रांतावर, मठाधिपतीची आपल्या मठावर. ज्यांचे आयुष्य शासकीय सेवेत गेले त्या आम्हांस अधिकारकक्षा दाखविणारे हे वस्त्र विशेष बोलके वाटते. १९६९ मध्ये रोमने कार्डिनल व बिशप यांच्या चिन्हांतून दंड काढून टाकला. मठाधिपतीच्या चिन्हात तो वस्त्रासह राहिला.

खरे मर्म ढालीच्या आत आहे. अनेक मठाधिपती ढालीचे उभे दोन भाग करतात: एकात मठाचे चिन्ह, दुसऱ्यात स्वतःचे. नवा मठाधिपती निवडला गेला की स्वतःचा भाग बदलतो, मठाचा तसाच राहतो. पदावरील माणूस जाणारा आणि संस्था राहणारी, हे सांगण्याची याहून नेटकी रीत आम्हांस ठाऊक नाही.

इटलीतील माँते कॅसिनो येथे याची प्रचीती येते. संत बेनेडिक्ट यांनी ५२९ च्या सुमारास स्थापिलेल्या या मठाचे बोधचिन्ह म्हणजे तोडलेल्या वृक्षाच्या बुंध्यातून फुटलेली पालवी. लॅटिन बोधवाक्याचा आशयही तोच, तोडले तरी हिरवे होते. सहाव्या शतकात लाँबार्डांनी मठ उद्ध्वस्त केला, ८८३ मध्ये सारासेनांनी जाळला, १३४९ मध्ये भूकंपाने पाडला. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी तो जमीनदोस्त केला. आश्रयास आलेले नागरिक त्यात मृत्युमुखी पडले. वृद्ध मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे वाचले, पण पुढच्याच वर्षी निवर्तले. नवा मठ त्यांना पाहता आला नाही. होता तेथे व होता तसाच तो पुन्हा बांधण्यात आला आणि २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याचे पुनःपवित्रीकरण केले.

दियामारे यांच्यासाठी उरले होते ते भग्न दगड; त्यांच्यानंतरच्यांनी मात्र त्या दगडांतूनच पालवी पाहिली. ज्या ढालीला वारस नाही, तिला असे वारस मिळतात.